कानांचा सौदा

आजच्या या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, या कारखान्याचे माजी कामगार अधिकारी, ज्यांना आम्ही सगळे पाठीमागे 'कात्री साहेब' म्हणत आलो आणि आज त्यांच्या परवानगीने तोंडावर म्हणतोय, ते आदरणीय साहेब. व्यासपीठावर उपस्थित असलेले आपले व्यवस्थापक साहेब. आमची बाजू न्यायालयात मांडणाऱ्या आणि माझ्यासारखा साक्षीदार पदरी पडूनही धीर न सोडणाऱ्या वकीलबाई. हॅमर खात्यातले, भट्टीवरचे, मशीन शॉपमधले माझे सगळे सोबती. निवृत्त झालेली आमची वडीलधारी मंडळी. घरची माणसं सोबत घेऊन आलेल्या सगळ्या वहिन्या, काकू, मुलं. आणि पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच मला 'आवरा' अशी खूण करणारी माझी पत्नी... तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्ष साहेबांनी इथे यायला दोन अटी घातल्या होत्या. एक, पुष्पगुच्छ एकच आणा, व्यासपीठावर आळीपाळीने फिरवा. दोन, भाषण लहान ठेवा. पहिली अट आम्ही पाळली आहे. हा गुच्छ आत्तापर्यंत तीन माणसांना देऊन झाला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दुसऱ्या अटीबद्दल मात्र मी आधीच माफी मागून ठेवतो.

माझ्याआधी बोललेल्यांनी माझं फार कौतुक केलं. 'लढवय्या नेता' असे शब्द वापरले. मला कान नव्याने मिळालेत, त्यामुळे सुरुवातीला वाटलं कानातलं मशीनच बिघडलं. मित्रहो, मी नेता कसा झालो हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण नवीन पोरांना ते ठाऊक नाही, आणि त्यांची दिशाभूल होऊ नये म्हणून सांगतो.

उभा जन्म माझा हॅमरवर गेला. लालभडक लोखंड घणाखाली धरायचं, वरून घण येतो, जमीन हलते, दात हलतात. त्या आवाजात शब्द टिकत नाही. म्हणून आम्ही हॅमरवाले एकमेकांचे ओठ वाचून बोलतो. चार-सहा वर्षांत ही विद्या येते, आणि ती येईपर्यंत कान जातात. त्यासाठीच जुन्या मालकांच्या काळात एक करार झाला होता. ज्याचे कान गेले त्याला कंपनी कानाचं मशीन देईल, त्याचे सेल देईल, दुरुस्ती करून देईल, वर्षाला तपासणी करेल, आणि हे सगळं निवृत्तीनंतरही, तो माणूस असेपर्यंत. करारात याची ओळ एकच. पण त्या ओळीवर आमच्यातली कितीतरी घरं एकमेकांशी बोलत होती.

मग कारखाना विकला गेला. गेटवर नवी पाटी लागली, भिंतींना रंग लागला, कॅन्टीनमध्ये नव्या खुर्च्या आल्या. आम्ही खूश. त्याच सुमारास माझं मशीन बंद पडलं. दुरुस्तीला दिलं, तर जसंच्या तसं परत आलं. सोबत निरोप: ही सोय आता बंद झाली आहे.

त्यावर चर्चा करायला कॅन्टीनमध्ये सभा भरली. युनियनचे आधीचे सेक्रेटरी दुसरीकडे नोकरीला गेले होते. मी मागच्या बाकावर, बंद मशीन खिशात. समोर कुणीतरी उभं राहून काहीतरी विचारलं. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याच वेळी दारातून चहाची किटली आत आली. मला वाटलं, चहा कोणाकोणाला हवाय असं विचारतायत. मी हात वर केला. जरा उंचच केला, कारण मागच्या बाकापर्यंत येताना किटली नेहमी संपते.

टाळ्या पडल्या! चहा मागितल्याबद्दल टाळ्या? मला किंचित शंका आली. पण माणसं उठून पाठ थोपटायला लागली, दोघांनी मिठी मारली, आणि मी आपला हसत राहिलो. बहिऱ्या माणसाला समजलं नाही की तो हसतो. घरी गेल्यावर हिच्याकडून कळलं. शेजारणीने हिला सांगितलं होतं. ही म्हणाली, "अहो, तुम्ही सेक्रेटरी झालात म्हणे?" मी म्हटलं, "मी? चहा घेतला फक्त."

सोडून द्यायचं डोक्यात होतं, खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी गेटवर पाहिलं तर सगळे मान देऊन बाजूला होत होते. माणूस मानाला भुलतो. मी राहिलो.

माझी पहिली गेट-सभा. मी विटांच्या कठड्यावर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. सुंदर बोलत होतो असं माझं मत आहे. मधेच माणसं भराभर आत जायला लागली. मला वाटलं, पेटून उठली! मी आवाज आणखी चढवला. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं की पाळीचा भोंगा वाजून गेलाय आणि समोर फक्त वॉचमन उभा आहे. तोही त्याची ड्यूटी तिथेच असल्यामुळे. भाषण संपल्यावर तो बिचारा जवळ आला, माझ्यासमोर तोंड नीट धरून म्हणाला, "साहेब, छान होतं. पण तुम्ही लेट झालात."

तर असा मी लढवय्या.

मग आम्ही व्यवस्थापक साहेबांना भेटायला गेलो. साहेब, तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलतोय, सांभाळून घ्या. साहेबांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड शब्दांत म्हणाले, "आम्ही कारखाना विकत घेतला. जमीन, इमारत, यंत्रं, सगळं घेतलं. आधीच्या मालकांनी मोठ्या मनाने कोणाला काय कबूल केलं होतं, ते नाही घेतलं."

सोबतचे चौघं माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. आता सेक्रेटरी काहीतरी झणझणीत बोलणार! सेक्रेटरी म्हणाला, "पाणी फार गार आहे हो तुमच्याकडे."

उत्तर मला सुचलं. सुचलं नाही असं नाही. आठवड्याने, दाढी करताना सुचलं. मी गालाला साबण लावलेल्या अवस्थेत आरशाला ठणकावून सांगितलं, "त्या कबुलीवर कान घालवणारी माणसं तुम्ही घेतलीत, मग कबुली कशी नाही घेतली?" आरसा निरुत्तर झाला. पण आरशाकडे अधिकार नव्हते.

मित्रहो, खरं म्हणजे हे प्रकरण तिथेच थंड झालं असतं. माझ्या हातून ते पुढे गेलं नसतं. ते पुढे गेलं आमच्या फिटर दादांमुळे.

दादा आपल्या सगळ्यांचे गुरू. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही कानांनी ठार बहिरे, पण कंपनीच्या मशीनवर त्यांचं सगळं छान चाललं होतं. ते मशीन बंद पडलं, आणि दुरुस्ती बंद. घरात दोघंच, दादा आणि वहिनी. एका सकाळी वहिनी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. उठता येईना. त्या हाका मारत राहिल्या. दादा बाहेरच्या खोलीत वरच्या शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसले होते. शेवटी वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. तिने दार वाजवलं, तेही दादांना ऐकू गेलं नाही. ती खिडकीतून हात हलवायला लागली तेव्हा दादा हसून म्हणाले, "फॅन संध्याकाळी देतो."

वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

दोन दिवसांनी दादा युनियनच्या खोलीत आले. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ती हाका मारत होती. आणि मी शीळ घालत होतो रे."

एवढंच. उठून गेले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हात मी चहासाठी वर केला असला, तरी आता तो खाली घेता येणार नाही. वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "कारखाना चालू स्थितीत विकला गेला की कामगारांच्या सेवाशर्ती त्याच्याबरोबर जातात. मालक बदलला म्हणून त्या गळून पडत नाहीत. पण ही सोय सेवाशर्त होती, मालकांनी खुशीने दिलेली भेट नव्हती, हे आपल्याला दाखवावं लागेल. सगळं त्याच एका गोष्टीवर आहे." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही साक्ष द्याल ना नीट?" मी म्हटलं, "बाई, निर्धास्त राहा."

आणि आता तो प्रसंग. ज्यांना तो माहीत आहे ते आत्ताच हसायला लागलेत. हसा.

साक्षीच्या दिवशी मी नवा शर्ट घातला. वकीलबाईंनी बजावलं होतं, एखादा प्रश्न कळला नाही तर सरळ सांगा, कळला नाही म्हणून. बहिरेपणावरचीच तर केस आहे. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर माझ्या अंगात आलं. एवढी माणसं बघतायत, न्यायाधीश समोर, आणि मी 'काय म्हणालात? पुन्हा सांगा' करत बसू? मी ओठ वाचायला लागलो. सटासट उत्तरं. कंपनीच्या वकिलांनाही कौतुक वाटलं असावं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "ही यंत्रं तुम्हाला भेटीत मिळाली होती, बरोबर?"

आता इथे जरा शास्त्र सांगतो. ओठ वाचणाऱ्याला प, ब, भ आणि म यांच्यात काहीही फरक दिसत नाही. चारही अक्षरांना ओठ सारखेच मिटतात. करून बघा. बघा, सगळ्या सभागृहाचे ओठ हलतायत. तर मला दिसलं: "ही यंत्रं तुम्हाला पेटीत मिळाली होती, बरोबर?"

पेटीतच तर मिळाली होती! निळ्या रंगाची छोटी पेटी, आत कापूस. मी छाती पुढे काढून म्हणालो, "हो साहेब! प्रत्येकाला!"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, माझं उत्तर ऐकून धन्य झाल्या. कंपनीचे वकील मला वाकून 'धन्यवाद' म्हणाले, तेव्हाही मी नम्रपणे मान हलवली. बाहेर आल्यावर बाईंनी सगळा प्रकार समजावून सांगितला. मग त्यांनी फेरतपासणीत खुलासा करून घेतला, पण कंपनीचे वकील म्हणाले, हे पढवून आणलेलं उत्तर आहे. आणि खरंच, 'भेटीत' नव्हे 'पेटीत', यावर कोण विश्वास ठेवणार? मी न्यायाधीश असतो तर मला हाकलून दिलं असतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. ही समोर बसली होती. माझं मशीन बंद झाल्यापासून ही माझ्याशी खूप जोरात बोलते, त्यामुळे आमची सल्लामसलत सगळ्या इमारतीला कळते. ही ओरडली, "त्या वेळी करार कोणी केला होता?"

"आपल्या जुन्या पुढाऱ्यांनी. गेले ते सगळे."

"समोर कोण होतं? कंपनीकडून?"

"कात्री साहेब."

"मग त्यांना विचारा! ज्याच्याशी भांडण झालं त्याला ते आठवत असणारच!"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी "बरोबर आहे वहिनी" असं म्हणालं म्हणे.

अध्यक्ष महोदय, नव्या पोरांना तुमची ओळख करून देणं भाग आहे. पोरांनो, साहेबांना कात्री का म्हणायचे? कारण जे जे त्यांच्या टेबलावरून गेलं, ते आखूड होऊन गेलं. रजा मागा, निम्मी मिळायची. साबणाची वडी द्यायची ठरली, तर ती दोघांत एक. कॅन्टीनचे कप त्यांच्या काळात इतके लहान झाले की त्यात बिस्कीट बुडायचं नाही, उभं राहायचं. आम्ही त्यांच्या नावाने किती बोटं मोडली असतील! आणि मी निघालो होतो त्यांच्या दाराशी, मदत मागायला.

वकीलबाई आणि मी गेलो. साहेब एकटेच राहतात. दार उघडलं, साखळी तशीच. फटीतून एक डोळा. "काय पाहिजे? मी आता काही देण्याच्या अधिकारात नाही." मी म्हटलं, "साहेब, फक्त पाच मिनिटं." साहेब म्हणाले, "तीन."

आत घेतलं. चहा केला. दीड कप चहा तीन कपांत इतका अचूक ओतला की थेंबाचा फरक नाही. वकीलबाईंनी सगळं सांगितलं. साहेब भिंतीकडे बघत ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच नाही. माझा धीर सुटत चालला होता. मग बाई म्हणाल्या, "आता कंपनीचं म्हणणं असं आहे की ती यंत्रं म्हणजे तुम्ही कामगारांना दिलेली भेट होती."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"काय होती?"

"भेट."

"मी?" साहेब उभे राहिले. "मी दिली? भेट? ह्यांना?"

ह्यांना म्हणजे मला. माझ्याकडे बोट रोखून साहेब पुढे येत होते. मी ओठ वाचत होतो आणि घाबरून मागे सरकत होतो. "सगळी नोकरी गेली माझी त्या खुर्चीत. एक सुतळीचा तोडा मी कुणाला फुकट दिला नाही. आणि आज हे माझ्या सहीला भेट म्हणतात? तारीख कधी आहे?"

असा आम्हाला साक्षीदार मिळाला.

साक्षीच्या तारखेला साहेब जुना कोट घालून आले. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला कामगारांबद्दल सहानुभूती होती, म्हणून आपण ही सोय दिलीत, असं म्हणता येईल?" साहेब म्हणाले, "सहानुभूती? ह्यांना विचारा." आणि मागे बसलेल्या आम्हा सगळ्यांनी, न्यायालयात आहोत हे विसरून, एकसाथ 'नाही' म्हणून माना हलवल्या. न्यायाधीशांनी हसू दाबलेलं मी पाहिलं. ओठ माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

मग साहेब सांगायला लागले. "हे लोक आवाजाचा भत्ता मागत होते. दर महिन्याला, प्रत्येकाला. मी नकार दिला. कितीतरी बैठका झाल्या. शेवटी मी म्हटलं, भत्ता सोडा, ज्याचे कान जातील त्याला यंत्र देतो, जन्मभर सांभाळतो. त्यांनी भत्ता सोडला. हा सौदा होता. त्यांनी त्यांची किंमत आधीच मोजली आहे. आता कारखाना कोणाकडेही जावो, वस्तू द्यावीच लागेल."

न्यायाधीशांनी विचारलं, "हा सौदा तुम्हाला फायद्याचा वाटला होता?"

"हो. मी जिंकलो असं मला वाटलं होतं."

"का?"

साहेबांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे पुढे वाकून, डोळे त्यांच्या ओठांना लावून बसलो होतो. दोन बाकं भरून.

"कारण भत्ता सगळ्यांना द्यावा लागला असता," साहेब म्हणाले. "यंत्रं फक्त बहिऱ्यांना. सगळेच बहिरे होतील, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं."

मला ऐकू येत नव्हतं, तरी तिथे काय झालं ते मला कळलं. टंकलेखन करणाऱ्या बाईंची बोटं थांबली होती. कंपनीचे वकील कागद आवरत होते, आणि त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

निकाल तुम्हाला माहीत आहे. कामगारांनी आपली मागणी सोडून जे मिळवलं ते दान नव्हे. ती सेवाशर्त आहे, आणि कारखान्यासोबत ती नव्या मालकांकडे आली आहे. यंत्रं, सेल, दुरुस्ती, तपासणी, सगळं पुन्हा सुरू करायचं. निवृत्तांनाही.

आता व्यवस्थापक साहेबांबद्दल एक गोष्ट सांगितली नाही तर तो अन्याय होईल. निकालानंतर वरच्या कोर्टात जायचं का, हे त्यांच्यावर सोपवलं होतं. साहेब एका दुपारी एकटेच हॅमर खात्यात आले. कानांवर काही न लावता माझ्या घणाशेजारी उभे राहिले. मी लोखंड धरलं, घण पडला. साहेब दचकले, पण हलले नाहीत. पाळी संपत आली तरी तिथेच. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. तुम्हाला वाटेल काहीतरी मोठं म्हणाले असतील. ते म्हणाले, "मला आता काहीच ऐकू येत नाहीये." मी म्हटलं, "साहेब, उद्या सकाळपर्यंत येईल. पहिली काही वर्षं येतं."

कंपनी वरच्या कोर्टात गेली नाही. आणि नव्या पोरांच्या कानांवर आज जे जाडजूड संरक्षण आहे, ते साहेबांनी स्वतः मागवलंय. पोरांनो, ते वापरा. ओठ वाचण्याची विद्या तुमच्याबरोबर बुडाली तर आम्हाला आनंदच आहे.

फिटर दादा आणि वहिनी आज इथे आलेत. वहिनी काठीच्या आधाराने दोन जिने चढून आल्या आहेत. दादांचं नवं मशीन आलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. दादांनी ते कानात बसवलं, सेल टाकला, आणि खोलीत गप्प बसून राहिले, कशाची तरी वाट बघत. आतून वहिनींनी हाक मारली. दादा म्हणाले, "ओरडू नकोस, येतंय ऐकू." आत गेले. विचारलं, "काय हवंय?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही."

दादा बाहेर येऊन बसले. पुन्हा हाक. पुन्हा गेले. "काय?" "काही नाही हो."

मी होतो तोवर हे चालूच होतं. दादा प्रत्येक वेळी उठून जात होते. कंटाळले नाहीत. मीच शेवटी चपला घालून निघालो.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघतायत. त्यांनी भाषणालाही कात्री लावायच्या आत मीच आवरतं घेतो. साहेब, तुम्ही आम्हाला कधी काही फुकट दिलं नाहीत, त्याबद्दल आम्ही तुमचे जन्माचे ऋणी आहोत. व्यवस्थापक साहेब, वकीलबाई, तुमचे आभार. इतकी वर्षं घरात घसा फोडून बोलणाऱ्या माझ्या पत्नीचे आभार. तिने आता हळू बोलायची सवय करावी अशी शेजाऱ्यांचीही विनंती आहे.

बोलता बोलता कोणाला जास्त लागलं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. जाता जाता एकच मागणं. टाळ्या वाजवणार असाल तर जरा जोरात वाजवा. मशीन चालू आहे, आणि मला त्या ऐकायच्या आहेत.